परक्याचे पिलू

कुत्र्याच्या पिलास रानाशिवारातून हिंडवून शहाणे कसे करावे, या विषयावर मासिकाची पाने खर्ची घालणे कित्येक वाचकांस पोरकटपणाचे वाटेल, हे आम्ही जाणून आहो. ज्या समाजात कुत्र्याचे नाव बहुधा शिवीच्या निमित्तानेच तोंडावर येते, आणि ज्या गावात कुत्रे कोणा एकाचे नसून साऱ्या आळीचे असते, तेथे त्याच्या शिक्षणाचा इतिहास विचारणारा मनुष्य रिकामटेकडा ठरावयाचाच. तथापि या विषयाकडे आम्ही वळलो ते एखाद्या ग्रंथामुळे नव्हे, तर एका धनगराच्या नकारामुळे.

दिवाळी उलटली की आमच्या गावच्या शिवारात धनगरांचे वाडे उतरत. रात्री मेंढरे शेतात बसवावयाची, त्यांच्या लेंड्यांनी जमिनीस खत मिळावयाचे आणि त्याबद्दल शेतकऱ्याने धान्य द्यावयाचे, असा तो जुना व्यवहार. एके वर्षी आमच्या शेतात उतरलेल्या वाड्यातली कुत्री व्यालेली होती. पिले फार देखणी. आम्ही त्या वेळी शाळेतून नुकतेच कॉलेजात गेलो होतो आणि आपण मागितलेली वस्तू कोणी नाकारील, ही कल्पनाही आमच्या मनास शिवली नव्हती. म्हाताऱ्या धनगरास म्हटले, "बाबा, यातले एक आम्हांला द्या. कायमचे नको, वर्षभर आम्ही दूधभाकरीवर पोसतो. पुढल्या दिवाळीला आलात की परत न्या. तुमचे फुकटात मोठे होईल." म्हातारा हसला आणि म्हणाला, "दादा, तुमच्या घरी वाढलं तर ते तुमच्या भाकरीचं व्हईल. माझ्या मेंढराचं न्हाई व्हायचं." पिलू मिळाले नाही ते नाहीच.

पुढे पुष्कळ वर्षांनी, इंग्लंडातील खेड्यांच्या जीवनाविषयी वाचीत असता, आमची ही नामंजूर झालेली योजना त्या देशात तीन-चार शतके थाटाने चालत आली असल्याचे आम्हांस आढळले. तेथील जमीनदारांच्या शिकारी कुत्र्यांची, म्हणजे फॉक्सहाउंडांची, पिले आठ-दहा आठवड्यांची झाली की मालकाच्या श्वानशाळेत ठेवीत नसत. ती आसपासच्या शेतकऱ्यांच्या घरी, बहुधा जोडीजोडीने, धाडून देत. तेथे ती वर्षभर गोठ्यातून, अंगणातून, बांधाबांधाने, घरच्या माणसांच्या पायांत घोटाळत हिंडत आणि पुढच्या वसंतात परत मागवून घेतली जात. या पद्धतीस इंग्रजीत 'पिलू फिरविणे' म्हणतात. ज्या घरी पिलू राहावयाचे त्या घरालाही 'वॉक' हाच शब्द लावीत. धनगर म्हणतो, पिलू परक्या घरी वाढले की बिघडते. इंग्रज सरदार म्हणे, ते परक्या घरी वाढले नाही तर बिघडते. दोघेही आपापल्या धंद्यात मुरलेले. मग खरे कोणाचे?

आमच्या म्हाताऱ्याच्या बाजूने एक मोठा साक्षीदार आहे. चार्ल्स डार्विन १८३३ साली दक्षिण अमेरिकेत, आज ज्यास उरुग्वे म्हणतात त्या मुलखात, हिंडत होता. माणूस जवळ नसता एकटेदुकटे कुत्रे मोठमोठे कळप राखते, हे पाहून त्यास नवल वाटले व त्याने चौकशी केली. पिलू अगदी लहान असतानाच आईपासून तोडतात, दिवसातून तीनचार वेळा त्यास मेंढीचे दूध पाजतात, मेंढरांच्या कोंडवाड्यातच लोकरीचे अंथरूण करून ठेवतात आणि इतर कुत्र्यांशी व घरच्या मुलांशी त्याची ओळख म्हणून होऊ देत नाहीत. असे कुत्रे रोज मांसाचा तुकडा घेण्यास घरी येते तेव्हा चोरासारखे येते आणि घरची कुत्री अंगावर धावली म्हणजे पळ काढते. पण एकदा आपल्या कळपात पोचले की तेच उलटून भुंकू लागते आणि घरची कुत्री शेपूट घालतात. म्हाताऱ्याने हे डार्विनकडून खास ऐकले नव्हते.

या कोड्याचा उलगडा विसाव्या शतकात झाला. अमेरिकेतील स्कॉट व फुलर या दोन संशोधकांनी मेन संस्थानातील बार हार्बर येथे अनेक वर्षे पिलांचे निरीक्षण करून १९६५ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्या मते पिलाच्या तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ असा असतो की त्यात ज्याचा सहवास घडेल तो जन्माचा सोयरा होतो. त्या दिवसांत मेंढी जवळ असली तर मेंढी, माणूस असला तर माणूस. आणि कोणीच नसले तर ते कुत्रे पुढे जगालाच भिऊ लागते. तेव्हा धनगर आणि सरदार एकाच गोष्टीवर बोट ठेवीत होते. एकास कळपाचा पहारेकरी हवा होता. दुसऱ्यास गाईगुरे, कोंबड्या, पोरेबाळे, गाड्या, घोडे या सर्वांना पाहून सरावलेला आणि तरीही माणसाची हाक ऐकणारा शिकारी हवा होता.

येथे वाचक म्हणतील, मग सरदाराने ते पिलू स्वतःच्याच घरी का वाढवू नये? हा प्रश्न रास्त आहे. आणि प्राचीन लोक तसेच करीत. ग्रीक सेनानी झेनोफन, ज्याची दहा हजार सैनिकांच्या माघारीची हकीकत प्रसिद्ध आहे, त्याच्या नावावर सशाच्या शिकारीवरचा एक लहानसा ग्रंथ चालत आला आहे. त्यात पिलांच्या शिक्षणाचा भाग मोठा वाचनीय आहे. पिलांना फार खाऊ घालू नये, त्याने पाय वाकडे होतात. मादी आठ महिन्यांची व नर दहा महिन्यांचा झाला म्हणजे रानात न्यावे, पण प्रथम लांब दोरीने बांधून. जाळी गुंडाळावयाच्या जागीच त्यांना खाऊ घालावे, म्हणजे रानात चुकलेले पिलू भुकेपोटी तेथे परत येईल. आणि सर्वांत महत्त्वाचे, मालकाने खाणे स्वतःच्या हाताने द्यावे, कारण भुकेल्या वेळी जो देतो त्याच्यावर कुत्र्याचा जीव जडतो. नावे आखूड असावीत, म्हणजे हाक मारण्यास सोपी. आणि मासल्यादाखल अशी सत्तेचाळीस नावे त्याने दिली आहेत.

झेनोफननंतर सुमारे पाचशे वर्षांनी झालेला एरियन तर याहून पुढे जातो. हा एरियन आपल्याकडच्या इतिहासाच्या अभ्यासकांस चांगला परिचित आहे. शिकंदराच्या हिंदुस्थानावरील स्वारीची सर्वांत विश्वसनीय हकीकत त्याचीच. पण त्याच लेखणीने त्याने आपल्या कुत्रीविषयीही लिहून ठेवले आहे, हे आपल्याकडे थोड्यांस ठाऊक असेल. तिचे नाव हॉर्मे, म्हणजे आवेग. मालक घरी असला की ती त्याच्याजवळून हलत नाही. तो बाहेर निघाला की बरोबर निघते. वाटेत पुढे धावते आणि हा दुसऱ्या वाटेला तर लागला नाही ना, हे मागे वळून पाहते. जेवताना पायांनी आळीपाळीने ढोसून आपला वाटा मागते. लहानपणी चाबूक खाल्ला असल्यामुळे आजही कोणी चाबकाचे नुसते नाव काढले की अंग चोरून जवळ येते. कुत्र्याने माणसाजवळ निजावे, हेच त्यास उत्तम, असे एरियनचे मत. एवढे सांगून तो लिहितो की या कुत्रीचे नाव मागे राहावे म्हणून आपणास ते लिहिण्यास संकोच वाटत नाही. शिकंदराच्या इतिहासकाराने संकोच केला नाही, तर आम्ही तरी का करावा?

परंतु एरियनजवळ कुत्री होती एक. इंग्लंडच्या सरदाराजवळ असत पन्नास-साठ जोड्या. (फॉक्सहाउंडांची मोजणी अजूनही जोडीनेच होते.) दरवर्षी वीस-तीस जोड्या नवी पिले. एवढ्यांना आपल्या ताटाजवळ कोण बसविणार? आणि एका आवारात सगळी कोंडली तर ती एकमेकांचीच होऊन राहणार, माणसाची नव्हेत. म्हणून ती कुळांच्या घरी जात. कूळ नाही म्हणू शकत असे काय? या प्रश्नापाशी इतिहास थोडा कडवट होतो.

इंग्लंडातील राजेरजवाड्यांच्या कुत्र्यांचा भार गावकऱ्यांवर टाकण्याची चाल फार जुनी. १०८६ साली विल्यम राजाने करविलेल्या प्रसिद्ध मुलकी पाहणीत काही परगण्यांकडून राजाच्या कुत्र्यांप्रीत्यर्थ येणाऱ्या रकमा नमूद आहेत. राजाचा एखादा शिकारी कुत्रा पोसून द्यावयाचा, या चाकरीवर जमिनी दिल्याचे मध्ययुगीन दाखले आहेत. आपल्याकडच्या चाकरी-इनामांचेच ते भाईबंद म्हणावयाचे. पुढे वायव्य इंग्लंडातील भाडेपट्ट्यांतून, कुळाने खंडाबरोबर मालकाचे एक कुत्रे अथवा झुंजीचा एक कोंबडा पोसावा, अशी कलमे घातलेली आढळतात. कुळाची बायको त्या पिलास दूध पाजीत असे ते त्या कलमाच्या जोरावर.

आणि याच काळात त्याच गावकऱ्याच्या स्वतःच्या कुत्र्याची काय अवस्था होती? राजाच्या राखीव वनात ज्याचे घर असेल त्याच्या कुत्र्याच्या पुढच्या पायाची तीन बोटे, तळव्याची गादी वगळून, छाटून टाकीत. हेतू हा की त्याला हरणामागे धावता येऊ नये. ज्याचे कुत्रे असे पांगळे केलेले आढळणार नाही त्याचा बैल जप्त होई. १२१७ साली बाल राजा तिसरा हेन्री याच्या नावाने जी वनविषयक सनद निघाली तिने या जुलमाला थोडा आळा घातला, तो असा: तपासणी तीन वर्षांतून एकदाच व्हावी, जेथे पूर्वापार चाल असेल तेथेच व्हावी, आणि दंड तीन शिलिंग घ्यावा, बैल घेऊ नये. इंग्रज लोक या सनदेचा मोठा अभिमान बाळगतात. तो अस्थानी नाही. तरी बोटे छाटण्याची चाल सनदेने बंद केली नव्हती, तिला फक्त नियम घालून दिला होता, हे लक्षात ठेवलेले बरे.

१३९० साली कायदा झाला की वार्षिक चाळीस शिलिंगांची जमीन नसणाऱ्या सामान्य माणसाने शिकारीचे कुत्रे बाळगू नये. १६७१ साली ही मर्यादा वाढवून वार्षिक शंभर पौंडांच्या मिरासी उत्पन्नावर नेऊन ठेविली, आणि ज्यांना अधिकार नाही त्यांच्या घरांची झडती घेऊन शिकारी कुत्री उचलून नेण्याची मुभा जमीनदारांच्या रखवालदारांस दिली. उत्पन्नाची ही अट १८३१ पर्यंत टिकली. म्हणजे दीडशेहून अधिक वर्षे इंग्लंडातील पुष्कळशा कुळांची स्थिती अशी होती की अंगणात धन्याची दोन उंची पिले बागडत आहेत, त्यांना शहाणे करण्याची जबाबदारी आपल्या शिरावर आहे, पण त्याच अंगणात स्वतःचे एखादे चपळ कुत्रे बांधले तर झडतीची धास्ती. आमच्या खेड्यांत गरिबास शेळी किंवा कालवड निम्म्याने पोसावयास देतात. पोसणारा कितीही दुबळा असो, वेतातला अर्धा वाटा त्याचा, हे कोणी नाकारीत नाही. इंग्लंडच्या कुळाच्या वाट्यास त्या पिलातले शेपूटही येत नसे.

आता ज्या पुस्तकामुळे ही सर्व हकीकत शोधण्याची बुद्धी आम्हांस झाली त्याविषयी दोन शब्द. पीटर बेकफर्ड हा डॉर्सेट परगण्यातील श्रीमंत गृहस्थ. शिकारीवरची त्याची पत्रे १७८१ साली पुस्तकरूपाने निघाली, आणि कोल्ह्याच्या शिकारीवर पद्धतशीर लिहिणारा पहिला लेखक म्हणून त्याचे नाव राहिले. मनुष्य मोठा रसिक आणि बहुभाषी. हा गृहस्थ तरुणपणी रोमला गेला असता तेथे एका कारागिराचा वाद्यनिपुण मुलगा त्याच्या नजरेस पडला. १७६६ च्या सुमारास बापाशी सात वर्षांचा करार करून व त्याबद्दल द्रव्य देऊन बेकफर्डने त्यास आपल्या डॉर्सेटच्या वाड्यात नेऊन ठेविले. तो मुलगा म्हणजेच पुढे युरोपभर गाजलेला पियानोवादक व संगीतकार मुत्सिओ क्लेमेंती. त्या एकान्त खेड्यात परक्याचे पोर दिवसाचे कित्येक तास वाद्यावर बोटे फिरवीत बसले आहे आणि त्याच इस्टेटीवरील कुळांच्या अंगणांतून धन्याची पिले उड्या मारीत आहेत, हे चित्र आमच्या डोळ्यांपुढून हलत नाही. दोन्हीकडे धनी एकच, आणि दोन्हीकडे रीतही बरीचशी एकच!

बेकफर्डच्या पुस्तकात पिलांस घरोघरी धाडण्याची चाल गृहीतच धरलेली आहे. तोही झेनोफनप्रमाणे नावांना महत्त्व देतो. फक्त त्याची यादी सत्तेचाळिसांवर न थांबता वर्णानुक्रमाने कित्येक शेकड्यांपर्यंत जाते. पण कुळाच्या घरात वर्षभर काय घडते, हे तो सांगत नाही. सांगणार कसे? ते त्याने पाहिलेच नव्हते. ते पाहिले होते कुळाच्या बायकांनी, आणि त्यांनी पुस्तके लिहिली नाहीत. तरी इतर आठवणींतून व शिकारमंडळांच्या दप्तरांतून जे कळते त्यावरून त्या वर्षाची कल्पना येते.

पिलू येई तेव्हा गावचा रस्ताही त्याने पाहिलेला नसे. त्याचे नाव श्वानशाळेत ठरलेले. बहुधा आईच्या किंवा बापाच्या नावाच्या आद्याक्षरावरून, त्यामुळे जोडीतल्या दोघांचीही नावे एकाच अक्षराने सुरू होत. ते नाव त्याच्या कानी पाडणे, हा घरच्या बाईचा पहिला धडा; आणि तो शिकविण्याचे साधन म्हणजे दुधाची वाटी. दुसरा धडा शिकवीत कोंबड्या. पिलाने एकदोन कोंबड्या मारल्याखेरीज वर्ष जात नसे, आणि खुडुक कोंबडीच्या चोचीचा प्रसाद खाल्ल्याखेरीजही जात नसे. तिसरा धडा गोठ्यात मिळे. वासराजवळ फार गेले तर गाय शिंग दाखवी. धनी शेतात निघाला की पिले मागे. नांगरटीवर, बाजाराच्या वाटेवर, ओढ्याकाठी, मेंढरांच्या कडेने. कोणी त्यांना शिकवीत आहे, असे पाहणाऱ्यास वाटले नसते. परंतु दहा महिन्यांत मेंढराकडे पाहून न पाहिल्यासारखे करणे, गाडी आली की बाजूस होणे, हाकेसरशी वळणे आणि अनोळखी माणसाला न भिणे, एवढे सारे त्यांच्या अंगी मुरलेले असे. जोडे, वाळत घातलेले कपडे आणि भाजीचे वाफे यांची जी नासधूस होई तिचा हिशेब कोणी ठेवीत नसे.

ही नासधूस सोसणाऱ्यावर आणखी एक ओझे होते. ज्या कोल्ह्याच्या शिकारीसाठी हा सगळा खटाटोप, तो कोल्हाही याच कुळाच्या खुराड्यावर जगे, आणि त्यास बंदुकीने मारणे हे त्या समाजात चोरीहून हलके पाप समजत नसत. कारण मग सरदाराने पाठलाग कशाचा करावा? पुढे शिकारमंडळांनी कोल्ह्याने मारलेल्या कोंबड्यांची भरपाई देण्यासाठी निधी काढले. म्हणजे कोल्हा कोंबड्या खाई, कोल्ह्याचा काळ म्हणून पाळलेले पिलूही कोंबड्या खाई, आणि त्या दोघांनाही जगवावयाचे कुळाने.

मेंढरांविषयी बेकफर्डने एक गोष्ट दिली आहे ती येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. कोणा उमरावाने ऐकले होते की कुत्र्यांना मेंढरांचा धाक बसवावयाचा तर त्यांच्या कोठडीत एक दांडगा एडका सोडावा. सोडला. एडक्याने टकरा मारमारून कुत्र्यांची दाणादाण उडविली. उमराव खूश झाला. थोड्या वेळाने येऊन पाहिले, तर कुत्री गाढ झोपली होती. झोपतील नाही तर काय. एडका पोटात गेला होता! एका दुपारच्या दहशतीने जे साधले नाही ते कुळाच्या मेंढरांतून दहा महिने रोज फिरल्याने साधे. उमरावाच्या फजितीवर बेकफर्ड हसतो, पण कुळाचे आभार मानण्याचे त्यास सुचत नाही, ही आमची त्याच्याविरुद्धची एक तक्रार आहे.

वसंत ऋतू आला की श्वानशाळेची गाडी दाराशी येई. त्यानंतरचे शिक्षण सरदाराच्या नोकरांकडे. नव्या कुत्र्यास जुन्या जाणत्या कुत्र्याशी गळपट्ट्याने जोडावयाचे, उन्हाळाभर सर्व कळप रस्त्यारस्त्याने फिरवावयाचा, हरिणामागे किंवा सशामागे जाणाऱ्याचे नाव घेऊन दरडावयाचे, आणि शरदाच्या आरंभी प्रत्यक्ष शिकारीत उतरवावयाचे, असा क्रम असे. उन्हाळ्यात एक समारंभ होई. परत आलेली पिले परीक्षकांपुढे मांडीत, उत्तम पिलू वाढविणाऱ्यास चांदीचा चमचा किंवा पेला देत, आणि सर्व पालकांस खाना घालीत. हा समारंभ बराच लोकप्रिय होता, असे दिसते. भाडेपट्ट्यातील सक्ती हळूहळू नाहीशी झाली तरी पिले घेणारी घरे नाहीशी झाली नाहीत. हे चमच्याच्या लोभाने झाले, असे मानावयास आम्ही तयार नाही.

मात्र पुष्कळ पिलांचे नाव त्या समारंभात निघतच नसे. घरोघरी विखुरलेली पिले एका आवारात आली रे आली की 'डिस्टेंपर' नावाचा रोग त्यांच्यात शिरे आणि जोडीच्या जोडी मरत. वर्षभर मांजरीबरोबर चुलीपाशी निजलेले पिलू नेल्यावर महिन्याभरात मेल्याचा निरोप येई. जी वाचत त्यांतलीही काही आकाराने, आवाजाने वा चालीने पसंत न पडल्यामुळे कमी करीत. कमी करणे म्हणजे कित्येकदा गोळी घालणे. चार-सहा हंगाम धावून थकलेल्या कुत्र्यांचाही शेवट सहसा तोच.

डिस्टेंपरचा बंदोबस्त ही मात्र या इतिहासातली सुखाची गोष्ट आहे. या रोगाचे कारण एक अतिसूक्ष्म विषाणू आहे, असे फ्रान्समधील आंरी कारे याने १९०५ साली दाखविले. १९२३ साली 'दि फील्ड' या शिकारविषयक साप्ताहिकाने आपल्या वाचकांकडून निधी उभारला. त्यातून लंडनजवळ मिल हिल येथे लेडलॉ व डंकिन या दोघांनी संशोधन करून १९२८ च्या सुमारास लस तयार केली. त्या प्रयोगांत फेरेट नावाचे मुंगसासारखे लहान प्राणी वापरीत, कारण त्यांनाही हा रोग होतो. पुढे १९३३ साली माणसांत इन्फ्लुएंझाची साथ असता तेथल्याच शास्त्रज्ञांनी हाताशी असलेल्या फेरेटांच्या नाकात रोग्यांच्या घशातील द्रव सोडून पाहिला, आणि माणसाच्या इन्फ्लुएंझाचा विषाणू प्रथम सापडला तो असा. कुळांच्या घरून नेलेली पिले मरू नयेत म्हणून जमविलेल्या पैशाचा एक धागा येथवर पोचला.

याच सुमारास 'पिलू फिरविणे' या शब्दाला दुसऱ्याच ठिकाणी बोलावणे येणार होते. पहिल्या महायुद्धात डोळे गमावलेल्या जर्मन सैनिकांना वाट दाखविण्यासाठी कुत्री शिकविण्याची शाळा १९१६ साली ओल्डेनबुर्ग येथे निघाली. पुढे पोट्सडाम येथे निघालेल्या अशाच शाळेच्या कामाविषयी डॉरथी यूस्टिस या अमेरिकन बाईने १९२७ साली लेख लिहिला. तो वाचून घेऊन नॅशव्हिलचा मॉरिस फ्रँक हा अंध तरुण तिच्या स्वित्झर्लंडमधील श्वानशाळेत गेला आणि १९२८ साली 'बडी' नावाची कुत्री घेऊन परतला. पुढल्याच वर्षी अमेरिकेत अशी संस्था निघाली. इंग्लंडात पहिल्या चार कुत्र्यांचे शिक्षण १९३१ साली वॉलसी येथे पुरे झाले.

या संस्थांना आरंभी मोठी अडचण पडली ती कुत्र्यांच्या निवडीची. लोकांनी देणगी दिलेली वाढलेली कुत्री घ्यावयाची आणि शिकवावयाची. त्यांतली बरीच नापास होत. कोणी मोटारीच्या आवाजाने बिचके, कोणी जिना पाहून अडे, कोणी गर्दीत हरवे. मग संस्थेने स्वतःची पिले पैदा करावी, हे ओघानेच आले. पण श्वानशाळेत वाढलेले पिलू तर त्याहूनही भित्रे. कॅलिफोर्नियात सान राफेल येथील संस्थेत क्लॅरेन्स फाफेनबर्गर याने वर उल्लेखिलेल्या स्कॉटच्या साहाय्याने ताळा पाहिला, तेव्हा असे दिसले की बाराव्या आठवड्यानंतर घरी धाडण्यास जितका उशीर तितकी नापास होणारी अधिक. अमेरिकेत १९४२ पासूनच शेतकऱ्यांच्या मुलामुलींच्या मंडळांमार्फत अशी पिले घरोघरी देऊ लागले होते. इंग्लंडात १९५६ साली हे सुरू झाले, आणि पिलू सांभाळणाऱ्यास नाव दिले तेच शिकारवाल्यांचे, 'पपी वॉकर'.

शब्द तोच राहिला, पण करार पालटला. येथे सक्ती नाही, खंड नाही, पांगळे केलेले कुत्रे नाही. पिलू घेणारा राजीखुशीने घेतो, त्यास बाजारात, स्टेशनात, आगगाडीत, देवळात, पावसात, गुराढोरांतून हिंडवितो, आणि सुमारे वर्षाचे झाले की संस्थेच्या हवाली करितो. ज्याच्या हाती ते शेवटी जाईल तो माणूस त्याने पाहिलेलाही नसतो. इकडे कोल्ह्याची शिकार इंग्लंड-वेल्समध्ये २००४ च्या कायद्याने, २००५ च्या फेब्रुवारीपासून, बंद झाली. तरीही शिकारमंडळे कृत्रिम वासाच्या मागावर कुत्री सोडीत राहिली आणि त्यांची पिले शेतकऱ्यांच्या घरी जात राहिली.

शिकारीच्या जुन्या आठवणींतून एक प्रसंग पुनःपुन्हा येतो. कळप एखाद्या शेतवाडीवरून चालला असता त्यातला एखादा कुत्रा हळूच बाजूला होतो, फाटकाखालून शिरतो आणि स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन बसतो. घरची बाई त्याला त्याच्या नावाने हाक मारते. काहीतरी खावयास घालते. तोवर चाबूकवाला नोकर घोड्यावरून येतो आणि त्यास हाकीत परत नेतो. अंधांच्या कुत्र्यांच्या बाबतीत चाबूकवाला येत नाही. कित्येक वर्षे वाट दाखवून असे कुत्रे थकले म्हणजे त्यास सेवेतून मोकळे करतात, आणि त्याचा धनी त्यास ठेवून घेऊ शकत नसेल तर संस्था कित्येकदा ज्यांनी त्यास पिलूपणी हिंडविले त्यांच्याकडेच विचारणा करते. त्यांनी होकार दिला की ते म्हातारे कुत्रे त्या घरी परत जाते.

आमच्या गावी धनगरांचे वाडे आता पूर्वीइतके उतरत नाहीत. मागल्या खेपेस एक उतरला होता, त्यातही कुत्री व्यालेली होती. आम्ही पिलांकडे पाहिले, पण मागितले नाही.